व्हिडिओ कुठे थांबवायचा? शिक्षक-वाचकांचे प्रश्न

वर्गात ऑनलाइन साहित्य वापरण्याबद्दल विदर्भातल्या वाचकांची बरीच पत्रं आली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांब पत्रं आखूड केली आहेत.

आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, ३० शिक्षकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण माझ्याकडे आहे. आजवर दरवेळी तज्ज्ञ येतात, पीपीटी दाखवतात, दहा-पंधरा ॲपची नावं सांगतात, ग्रुपवर लिंका टाकतात. महिन्यानं विचारावं तर कुणी काही वापरलेलं नसतं. दिवस कसा आखावा?
— केंद्रप्रमुख, ता. आर्वी, जि. वर्धा

दहा-पंधरा ॲप सोडा, एक पाठ धरा. येत्या पंधरवड्यात ज्याला जो पाठ शिकवायचाच आहे, तोच त्याच्यासाठी प्रशिक्षणाचा विषय. येताना पाठ्यपुस्तक, टाचणवही (पाठाचं नियोजन लिहायची वही) आणि चार्ज केलेला स्वतःचा फोन आणा, एवढाच निरोप धाडा. शिक्षकांना ॲप चालवता येत नाही, ही तक्रार बहुतेक ठिकाणी खोटी आहे. पोषण आहारापासून हजेरीपर्यंत सगळी माहिती ते मोबाइलवरच भरतात. अडतं ते वेगळ्याच जागी: हा व्हिडिओ पाठात नेमका कुठे घालायचा, किती दाखवायचा आणि तो चालू असताना आपण काय करायचं, याचा सराव कुणी घेतलेला नसतो.

तयारी आठ दिवस आधी सुरू करा. प्रत्येकाच्या फोनमध्ये किमान २ जीबी जागा मोकळी हवी आणि दीक्षा हे शासनाचं शालेय साहित्याचं ॲप घरीच अद्ययावत करून ठेवायला हवं. त्यात मंडळ महाराष्ट्र, माध्यम मराठी आणि आपली इयत्ता निवडली आहे का, हेही बघायला सांगा. माध्यम चुकीचं पडलं तर आपल्या पुस्तकांचं साहित्य यादीत दिसत नाही आणि मग ‘दीक्षावर मराठीत काहीच नाही’ असा समज होतो. ३० फोन एकाच टॉवरवरून एकदम ॲप उतरवायला लागले की पहिला तास गोल फिरणारं चाक बघण्यात जातो. म्हणून साहित्य तुम्हीच आधी उतरवून न्या आणि तिथे फोनमधल्या ‘क्विक शेअर’ या सोयीनं एका फोनवरून दुसऱ्या फोनवर द्या. त्याला नेट लागत नाही.

तिघातिघांचे दहा गट करा, इयत्ता आणि विषय बघून. एका शाळेतले तिघं एकत्र नकोत, नाहीतर चर्चा शाळेच्या पाण्याच्या टाकीवर जाते. ‘तंत्रस्नेही’ म्हणून नाव असलेल्यांना वेगवेगळ्या गटांत वाटा आणि एक अट घाला: दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. सांगायचं तोंडानं, दाबायचं ज्याचा फोन त्यानंच. ‘आणा इकडे, मी करून देतो’ या एका वाक्यानं जितकी प्रशिक्षणं वाया गेली असतील तितकी रेंज नसल्यानं गेली नसतील.

पहिला तास फोन पिशवीत. प्रत्येक गटानं एका कागदावर लिहायचं की या पाठात मुलं नेमकी कुठे अडतात. ‘संकल्पना स्पष्ट होत नाही’ हे उत्तर घेऊ नका. मूल काय चुकीचं बोलतं, ते त्याच्या शब्दांत लिहायला लावा. मग विचारा, या अडचणीला पडदा लागतो का? पऱ्हाटीचं फूल, तुरीची शेंग, बियाण्याचं उगवणं यांना लागत नाही. शाळेच्या कुंपणापलीकडे शेत आहे, मुलांना तिथे न्या. डोळ्यांना न दिसणारं, फार दूरचं, फार हळू किंवा फार वेगानं घडणारं किंवा वर्गात धोक्याचं असेल, तिथेच पडदा कामाचा.

दुसरा टप्पा निवडीचा, दीड तासाचा. प्रत्येक गटानं तीनच चित्रफिती बघायच्या, त्या शेवटापर्यंत, आणि एक ठेवायची. शेवटापर्यंत अशासाठी की पहिली दोन मिनिटं चांगली आणि पुढे चुकीची आकृती किंवा भलतीच जाहिरात, असं सर्रास असतं. वर्गात दाखवायचा तुकडा तीन ते पाच मिनिटांचा. वीस मिनिटांचा व्हिडिओ सलग लावला की मुलं शांत बसतात आणि ती शांतता आपल्याला शिकणं वाटते.

जेवणानंतरचे दोन तास हा या दिवसाचा गाभा. दोन-दोन गट एका खोलीत, म्हणजे पाच खोल्या लागतील. एक शिक्षक १५ मिनिटं शिकवतो, बाकीचे पाच मुलं होतात आणि सकाळच्या कागदावर लिहिलेल्या चुका मुद्दाम करतात. मग १० मिनिटं बोलायचं, पण विषय एकच: व्हिडिओ कुठे थांबवला आणि थांबवल्यावर काय विचारलं.

सहावी-सातवीचा चंद्रकलांचा साडेचार मिनिटांचा व्हिडिओ घ्या. सूर्य, पृथ्वी, चंद्र पडद्यावर आले आणि निवेदक आता स्पष्टीकरण देणार, तिथेच थांबवा. ‘अष्टमीला अर्धाच चंद्र दिसतो, उरलेला अर्धा कुठे गेला?’ मुलांनी दोन मिनिटांत वहीत चित्र काढायचं. बहुतेक जण लिहितील, पृथ्वीची सावली पडली. खोडू नका, ते तसंच राहू द्या. पुढे चंद्र आठ जागी दाखवणारं, वरून बघितल्यासारखं दृश्य येतं, तिथे दुसऱ्यांदा थांबवा: ‘या आठही जागांवर चंद्राचा किती भाग उजेडात आहे?’ मोजल्यावर कळतं की दर ठिकाणी अर्धाच. आता व्हिडिओ बंद. दारं-खिडक्या लावा, एका टोकाला फोनचा टॉर्च लावून ठेवा, पेन्सिलीला टोचलेला पांढरा चेंडू मुलाच्या हातात द्या. हात लांब करून त्यानं स्वतःभोवती फिरायचं. टॉर्चकडे तोंड असताना चेंडूची काळोखी बाजू दिसते, ती अमावास्या. पाठ केल्यावर पूर्ण उजळलेली दिसते, ती पौर्णिमा, पण तेव्हा चेंडू डोक्याच्या वर धरावा लागतो. खाली धरला तर डोक्याची सावली त्यावर पडते, आणि ते झालं चंद्रग्रहण. अष्टमीला पृथ्वीच्या सावलीचा संबंधच येत नाही. ती सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते आणि चंद्र तेव्हा काटकोनात बाजूला असतो. हे मुलांच्या तोंडून आल्यावर उरलेला एक मिनिट दाखवा आणि वहीतलं पहिलं चित्र त्यांनाच दुरुस्त करू द्या.

शेवटच्या तासात टाचण. समासात तीन रकाने: कितव्या मिनिट-सेकंदाला थांबायचं, काय विचारायचं, कोणतं चुकीचं उत्तर येईल. हा एक कागद घेऊन शिक्षक घरी गेला तर लिंकांची यादी दिली नाही तरी चालेल.

आणि दिवस तिथे संपवू नका. ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून हेच मांडलं की माहिती, प्रात्यक्षिक आणि सराव देऊनही नवी पद्धत वर्गात टिकत नाही. नंतर वर्गात जाऊन कुणी सोबत केली तर टिकते. तुमच्याकडे त्यासाठी दर महिन्याची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, आहेच. पुढच्या परिषदेतला पहिला तास या दहा टाचणांना द्या. भेटीला गेलात तर किती लिंका वापरल्या ते विचारू नका. व्हिडिओ किती वेळा थांबला, किती मुलं बोलली आणि वहीत काय उतरलं, एवढं बघा. तारीख जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात धरा. आपल्याकडे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे पाठ नुकतेच सुरू झालेले असतात. मे महिन्यात ४५ अंशांत टिनाच्या सभागृहात घेतलेल्या प्रशिक्षणातून फक्त घाम निघतो.

गावात रेंज नाही. टेकडीवर गेलं तर एखादी काडी येते. मुलं घरी कोरकू बोलतात, मराठी व्हिडिओ लावला तर चित्र बघतात आणि बोलणं डोक्यावरून जातं. आमच्यासाठी काही आहे का?
— शिक्षिका, ता. धारणी, जि. अमरावती

रेंजचा प्रश्न आधी. ऑनलाइन साहित्य वर्गात ऑनलाइन वापरायचंच नाही, असा नियम करा. रेंज असलेल्या शाळांनीही तोच करावा. बाजाराच्या दिवशी धारणीला जाल तेव्हा काय उतरवायचं याची यादी आधी वहीत लिहून न्या, नाहीतर शोधण्यातच डेटा आणि वेळ संपतो. दीक्षावरून उतरवलेलं साहित्य ॲपच्या आतच राहतं, गॅलरीत शोधू नका. दुसऱ्या बाईंना द्यायचं तर शेअर करताना लिंक न पाठवता फाइल पाठवा. समोरच्या फोनवर दीक्षा ॲप हवं. पुस्तकातला क्यूआर कोड फाटला किंवा पुसट झाला असेल तर त्याखालचा सहा अक्षरांचा कोड ॲपच्या शोधचौकटीत टाका, तेच साहित्य उघडतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, तीही एकदाच उतरवून ठेवा.

विज्ञान-गणितासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे ‘फेट’ नावाचे प्रयोग-खेळ आहेत. त्यातले बरेच मराठीत आहेत. एक प्रयोग म्हणजे एक लहानशी फाइल. ती उतरवली की नेटशिवाय ब्राउझरमध्ये उघडते. विद्युत परिपथ आणि अपूर्णांक यांच्यापासून सुरुवात करा. त्यात मुलांनी स्वतः तार जोडायची असते, दिवा पेटला नाही की का पेटला नाही ते शोधायचं असतं. नुसत्या व्हिडिओपेक्षा हे कितीतरी बरं. एखादा जुना लॅपटॉप असेल तर त्यावर ‘किविक्स’ हे सॉफ्टवेअर टाकून मराठी विकिपीडिया नेटशिवाय वापरता येतो.

आता भाषा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, मराठीशी तिचं नातं नाही. त्यामुळे मराठी हळू किंवा मोठ्यानं बोलून उपयोग होत नाही. पहिली-दुसरीसाठी व्हिडिओचा आवाज बंद करा. चित्र चालू ठेवून तुम्ही थांबत-थांबत विचारा, मुलांना कोरकूत बोलू द्या आणि त्यातला एक-एक शब्द मराठीत फळ्यावर आणा. एका वेळी पाच-सहा शब्द पुरेत. तुम्हाला कोरकू येत नसेल तर सहावी-सातवीची दोन मुलं सोबत घ्या.

मुलांची पुस्तकं काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा आहेत, चार वाचनपातळ्यांत वाटलेल्या आणि खुल्या परवान्याच्या. खुला परवाना म्हणजे मूळ लेखक-चित्रकारांचं नाव देऊन तुम्ही भाषांतर करू शकता, छापू शकता, वाटू शकता. पहिल्या पातळीची एक गोष्ट घ्या, गावातल्या एखाद्या आजीकडून ती कोरकूत सांगून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा, देवनागरीत लिहा. पानाला एक-दोन वाक्यंच असतात, दोन बैठकांत होतं. भामरागड-एटापल्लीकडे माडिया-गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या शिक्षकांनीही हाच मार्ग धरावा.

लोकवर्गणीतून ४३ इंची टीव्ही घेतला. पेनड्राइव्ह लावला तर कधी ‘फाइल सपोर्ट होत नाही’ येतं, कधी चित्र दिसत नाही, कधी आवाज नाही. पीपीटीतली मराठी अक्षरं तर इंग्रजी कचरा दिसतात. मागची मुलं म्हणतात, दिसत नाही. आणि लाइन गेली तर काय करायचं?
— मुख्याध्यापक, ता. लाखनी, जि. भंडारा

पेनड्राइव्ह अजिबात ओळखला जात नसेल तर त्याचं फॉरमॅट, म्हणजे त्यात फाइली साठवायची पद्धत, बघा. साधे टीव्ही एफएटी३२ हमखास वाचतात, बाकीचे वाचतीलच असं नाही. म्हणून १६ किंवा ३२ जीबीचाच पेनड्राइव्ह घ्या. त्याहून मोठा असला तर विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत एफएटी३२ हा पर्याय सहसा येत नाही. फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, आधी प्रत काढा. एफएटी३२ मध्ये एक फाइल ४ जीबीहून मोठी बसत नाही, पण वर्गाला इतकी मोठी फाइल लागतेच कशाला?

आवाज येतो आणि चित्र नाही, याचा अर्थ व्हिडिओ बहुधा एच.२६५ प्रकारचा आहे आणि तो टीव्हीला उलगडता येत नाही. चित्र आहे आणि आवाज नाही, तर आवाजाचा प्रकार टीव्हीला कळत नाही. दोन्हींवर औषध एकच: संगणकावर हँडब्रेक किंवा व्हीएलसी या फुकट सॉफ्टवेअरमधून फाइल एमपी४, चित्र एच.२६४ आणि आवाज एएसी असं बदलून घ्या. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत, पुढे पाठाचा क्रमांक घालून द्या. काही टीव्हींवर मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात आणि तास चालू असताना फाइल सापडत नाही.

पीपीटीचा घोळ फॉन्टचा आहे. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर असाच दिसतो. तयार पीपीटी मिळाली तर ती ज्याच्याकडे नीट दिसते त्याच्याकडूनच पीडीएफ करून मागवा. नवीन करताना युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, टाइप करा.

फोन थेट टीव्हीला जोडायला सी-टाइप ते एचडीएमआय अशी जोडणी बाजारात मिळते. घेण्याआधी आपला फोन चित्र बाहेर पाठवतो का, ते दुकानातच लावून बघा. कमी किमतीचे बरेच फोन पाठवत नाहीत आणि जोडणी कपाटात पडून राहते.

मागच्यांना न दिसण्याचं गणित साधं आहे. पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंत मजकूर आरामात वाचता येतो. ४३ इंची टीव्हीची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर, म्हणजे साधारण सव्वातीन मीटर. त्यामागे बसलेल्यांना चित्र दिसेल, अक्षर दिसणार नाही. मुलांना पुढे सतरंजीवर अर्धगोलात घ्या. टीव्ही खिडकीच्या समोरच्या भिंतीवर असेल तर हलवा, काचेत खिडकीच दिसत राहते.

लाइन गेल्यावरचं म्हणाल तर हा टीव्ही आणि स्पीकर मिळून १०० वॉट धरा. १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते. बॅटरी टिकवायची तर अर्धीच वापरा, इन्व्हर्टरमधली घट वजा करा, तरी सात तास निघतात. प्रोजेक्टरला याच्या दुप्पट-तिप्पट वीज लागते आणि उजेडाच्या वर्गात तो फिका पडतो. टीव्ही घेतलात ते बरंच केलं. मार्चनंतर सकाळच्या शाळेत वर्ग बारापर्यंत तापतो. पॉवर बँक आणि जुने फोन टिनाखालच्या बंद खोलीत ठेवून जाऊ नका, बॅटरी फुगते.

दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, माझ्याकडे दोन वर्ग एका खोलीत. एका वर्गाला व्हिडिओ लावला की दुसऱ्याचं लक्ष जातं.
— शिक्षक, ता. झरी जामणी, जि. यवतमाळ

जाणारच. पडदा हलायला लागला की कुणाचीही मान वळते. म्हणून दोन वर्गांच्या खोलीत आवाजी व्हिडिओ दोघांना मिळून दाखवा आणि काम वेगळं द्या: पहिलीनं दिसलेल्या वस्तू सांगायच्या, दुसरीनं त्यांची नावं लिहायची. एकाच वर्गाला काही द्यायचं तर न हलणारं, न बोलणारं द्या. स्टोरीवीव्हरच्या गोष्टीची पानं टीव्हीवर ठेवून चौथीतलं मूल पहिलीच्या चार-पाच जणांना वाचून दाखवतं, हा दहा-बारा मिनिटांचा कार्यक्रम उत्तम चालतो. टीव्हीची पाठ मात्र दुसऱ्या वर्गाकडे हवी. सगळ्यात कठीण भाग तुम्ही ज्या गटासोबत बसला आहात त्याला द्या. पडद्यापुढे सराव असू द्या, नवा धडा नको.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली. हे सगळं मला शिकायलाच हवं का?
— शिक्षक, ता. मोर्शी, जि. अमरावती

पेनड्राइव्ह लावणं, थांबवणं आणि मागे घेणं, एवढं शिका. एका दुपारचं काम. बाकी शोधाशोध तरुण सहकाऱ्याला करू द्या. पण मुलं हातच्याच्या वजाबाकीत कुठे चुकतात, हे तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, गुरुजी. कुठे थांबवायचं ते तुम्ही सांगा.

शिक्षक टीव्हीवर यूट्यूब लावतात, मधेच नको त्या जाहिराती येतात. मुलांचे नावासकट व्हिडिओही ग्रुपवर आणि यूट्यूबवर टाकतात. समितीनं काय ठरवावं?
— शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

शिक्षकानं स्वतःच्या खात्यातून यूट्यूब लावलं की त्यानं रात्री काय बघितलं त्याच्याच शिफारशी वर्गात दिसतात. शाळेचं वेगळं गुगल खातं काढा आणि ते फक्त शाळेच्या कामाला वापरा. आपोआप पुढचा व्हिडिओ लावणारी सोय बंद करा. यूट्यूबच्या ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेला व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नाही आणि ठरावीक मुदतीनं पुन्हा नेट मागतो, म्हणून दीक्षासारख्या जाहिरात नसलेल्या ठिकाणी तोच विषय मिळतो का, ते आधी बघायला सांगा. यूट्यूब लावायचंच असेल तर मुलं वर्गात यायच्या आधी व्हिडिओ सुरू करून जाहिरात संपवून थांबवून ठेवावा. मधल्या जाहिराती तरीही येऊ शकतात, त्यामुळे रिमोट शिक्षकाच्या हातातच हवा.

मुलांच्या व्हिडिओंबाबत २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो. समितीनं ठराव करावा: वर्षाच्या सुरुवातीला पालकांची लेखी संमती, ती नसेल त्या मुलाचा चेहरा दिसू नये, पूर्ण नाव, गाव, हजेरी क्रमांक, गुणपत्रक काहीच सार्वजनिक जागी नको. वरिष्ठांना उपक्रमाचा पुरावा हवा असेल तर फळ्याचा, वहीचा किंवा मुलांच्या पाठमोऱ्या बसलेल्या वर्गाचा फोटो पाठवता येतो. आधी टाकलेले व्हिडिओही काढून टाकायला सांगा आणि ते कुणी, किती तारखेपर्यंत काढायचे, हे ठरावातच लिहा.